मुक्कामी पाखरू

“फलाट क्रमांक दोनवर बुलबुल आलेला आहे. बुलबुल, फलाट क्रमांक दोन.”

परसातून मामांचा आवाज आला. आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं.

“जा गं शैला, बघून ये. खरंच बुलबुल हाय का आपली कोंबडीच.”

मी पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या दाराशी गेले. फलाट क्रमांक दोन म्हणजे चार खुंट्यांवर ठोकलेली एक फळी. तिच्यावर करवंटीत पाणी आणि मूठभर बाजरी ठेवलेली असायची. आता तिथे शेजारच्या हणमंतनानांची तांबडी कोंबडी उभी होती आणि बाजरी जवळजवळ संपली होती.

“कोंबडी हाय,” मी सांगितलं.

“त्याआधी बुलबुल होता,” मामा खुर्चीतून म्हणाले. “तू येईस्तोवर सुटला.”

“आन् कोंबडी बिनतिकिटाची,” आत्या आतून म्हणाल्या. “रोज येती, खाऊनपिऊन जाती. तिला कधी खाली उतरवत न्हाईत.”

मामा माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. मामांनी सगळी नोकरी वडूजच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. खिडकीमागे बसायचं आणि माईकवर गाड्या पुकारायच्या. निवृत्त झाले, माईक गेला, पण पुकारायची सवय काही जाईना. मग त्यांनी परसात फळ्यांचे फलाट ठोकले, त्यांच्यावर रंगाने आकडे घातले आणि पाखरांची वाट बघत बसायला लागले. एरवी त्यांचं बोलणं फार कमी. नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटायचं, सासऱ्यांना मी पसंत नसणार. मागाहून कळलं, माईक नसला की त्यांना कोणाशीच धड बोलता येत नाही.

ही गोष्ट माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याच्या तोंडाची. आता त्याला खूप वर्षं झाली, पण त्या दिवसांतलं बोलणं न् बोलणं माझ्या ध्यानात आहे.

घर तसं लहान होतं. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर, कडेला एक आतली खोली आणि परसाकडे उघडणारी पडवी. आतल्या खोलीत मामा आणि आत्या झोपायचे. आम्ही दोघं सोप्यात. सोपा म्हणजे येण्याजाण्याची वाट. पहाटे दूधवाला तिथूनच हाक मारायचा, मामांचे स्टँडवरचे जुने मित्र चहाच्याही आधी येऊन टेकायचे, आणि मी चादर गुंडाळत उठायची. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर तेसुद्धा भाजी निवडताना, आत्या समोर असताना. मला स्वतःची खोली हवी होती. फार हवी होती. लग्न झालेल्या बाईला हे मोठ्याने बोलता येत नाही म्हणून मी बोलत नव्हते, एवढंच.

बोलले ते माझे यजमान. ते कराडच्या दूध संघात नोकरीला. पहिल्या गाडीने जायचे, दिवेलागणीला परतायचे. “कराडातच एक खोली बघतो,” ते एके दिवशी जेवताना म्हणाले. “जायचा-यायचा वेळ वाचेल आणि जागापण होईल.” आत्यांनी त्या रात्री जेवण अर्धंच केलं आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून परसात चुन्याची फक्की मारून घेतली. एकुलता एक मुलगा घरात राहावा म्हणून परसात खोली काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अडचण एकच होती. फक्कीची रेघ बरोबर वाळक्या शेवग्यावरून गेली होती. आदल्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात त्याचा शेंडा मोडला आणि झाड वाळत गेलं. उरलं होतं ते डोक्याएवढ्या उंचीवर दोन फांद्या फुटलेलं एक खोड. मामा त्याला हात लावू देईनात.

संक्रांतीच्या दिवशी आत्यांनी तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि विषय काढला.

“आज गोड बोलायचा दिवस, म्हणून गोडच इचारते. ते खोड कधी काढायचं?”

“त्याच्यावर पाखरं बसतात,” मामा म्हणाले.

“कावळं बसत्यात.”

“आज कावळे, उद्या दुसरं काही. नवीन मार्गावर गाडी सोडली की सुरुवातीला रिकामीच धावती. म्हणून काय मार्ग बंद करायचा?”

“तुमच्या पाखरापायी माझं पोरगं कराडला निघालंय, त्याचं काय?”

मामा तिळगुळाचा खडा तोंडात धरून बसले. मुलगा जाणार हे त्यांनाही नको होतं, पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं. शेवटी आत्यांनीच तोडगा काढला.

“होळीपातूर मुदत देते. तोवर एखादं पाखरू आलं तर खोड ऱ्हाऊ द्या, मी खोलीचं नाव काढणार न्हाई. न्हाई आलं तर खोड होळीला जाईल आन् पाडव्याला पाया खांदायचा.”

“कावळा धरायचा का?”

“कावळा, चिमणी, पारवा काय बी धरायचं न्हाई. आन् नुसतं बसून उडालेलं बी न्हाई. मुक्कामी पायजे.”

मुक्कामी गाडी म्हणजे जी रात्री स्टँडवरच थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते. एवढा जन्म एसटीवाल्याबरोबर काढल्यावर आत्यांना ही भाषा अवगत झाली होती. पाखराचं मुक्कामी येणं म्हणजे घरटं करणं. मामांनी मान डोलावली.

“आणि ठरवणार कोण?”

“शैला.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. खोली कोणासाठी होती ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. “चालेल,” ते म्हणाले. “ती खोटं बोलायची नाही.”

सासरी आल्यापासून माझ्याबद्दल त्यांनी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

कुंपणाच्या पलीकडे हणमंतनाना विडी ओढत उभे होते. आमच्या गल्लीची होळी तेच रचायचे, त्यामुळे त्यांचे कान लाकडाच्या बोलण्याकडे आपोआप वळायचे. “म्हंजे खोड होळीला बोललं,” ते म्हणाले. “ऐकलंय बरं का मी. होळीला दिलेलं लाकूड माघारी घेत न्हाईत.”

“जर पाखरू आलं नाही तर,” मामा म्हणाले.

“येतंय कुठलं,” नाना म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर मामा हिरिरीने कामाला लागले. पडवीत फळकुटांचा, खोक्यांचा आणि बांबूंचा ढीग पडला. तिथे पाय ठेवायला जागा राहिली नाही. मोसंबीची जुनी खोकी मोडून त्यांनी आणखी फलाट केले. एक घरटंही केलं, चांगलं उतरत्या छपराचं. त्याला एसटीचा तांबडा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत ‘वडूज’ लिहिलं.

“वडूज कशाला लिवलंय?” आत्यांनी विचारलं.

“ओळखायला.”

“पाखरास्नी वाचता येतं व्हय?”

“चालकांना कुठे सगळ्यांना येत होतं,” मामा म्हणाले. “पण पाटी लागतीच.”

त्या घरट्यात एक गांधीलमाशी तेवढी जाऊन आली. सातभाई यायचे, पण ते सगळे मिळून गोंधळ घालायचे, करवंट्या उलट्या करायचे आणि निघून जायचे. खारी येऊन बाजरी पळवायच्या. माघ सरत आला तसा नानांच्या दारातला पांगारा लालभडक फुलला आणि सगळी वाहतूक तिकडे वळली. साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, सगळे तिकडे. आमच्या परसात मामा, खुर्ची आणि कोंबडी. तरी ते पुकारायचे. फांदीवर पान हललं तरी पुकारायचे. मी स्वयंपाकघरात हसू दाबायची आणि आत्या म्हणायच्या, “रिकाम्या स्टँडावर बी एवढं वराडत न्हवते.”

आणि महाशिवरात्रीनंतर मामा अचानक बंद झाले.

पुकारणं थांबलं. सकाळी उठून ते परसात जात, बाजरी घालत, पाणी बदलत, पण खुर्ची मात्र परसाकडे पाठ करून ठेवत. नजर घराच्या भिंतीकडे. शेजारी रेडिओ, तोही मोठ्याने. आधी रेडिओ फक्त बातम्यांना लागायचा. आता भक्तिगीतं, कामगारांचा कार्यक्रम, शेतीचा सल्ला, सगळं मोठ्या आवाजात चालू राहायचं.

“पाखरांवर रुसलेत,” मी आत्यांना हळूच म्हटलं.

“हरलेत ते,” आत्या म्हणाल्या. “कबूल कराया जीभ रेटंना, म्हणून रेडू लावलाय.”

आम्ही दोघींनी त्यांची फार थट्टा केली. “मामा, फलाट क्रमांक तीनवर काय उभं आहे?” मी चहा देताना विचारायची. ते वळूनही बघत नसत. “काही नाही,” म्हणायचे. “सगळ्या गाड्या रद्द.” आत्या म्हणायच्या, “संप हाय वाटतं.” तेव्हा मामा किंचित हसायचे आणि रेडिओचं बटण थोडं आणखी फिरवायचे. कधी दोन गाण्यांच्या मधे कुठून तरी टुक, टुक, टुक असा एकसुरी आवाज कानावर यायचा. कोणाच्या तरी विहिरीवर पंप चालला असेल, असं मी समजून चालले.

होळीचा दिवस उजाडला. यजमान पहाटेच कराडला गेले. जाताना म्हणाले, “खोलीचं आज ठरेल ना? नाहीतर पाडव्यापासून कराडची खोली मी नक्की करतो. मालक थांबायला तयार नाही.” मी म्हटलं, “ठरल्यातच जमा आहे.” मला खरोखर तसंच वाटत होतं आणि मनातून मी खूष होते. चुन्याच्या रेघेत माझी खाट कुठे येईल, आरसा कुठे लावायचा, हे मी कधीच ठरवून ठेवलं होतं.

चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती. उन्हं अंगणात उतरली तोवर हणमंतनाना कुऱ्हाड घेऊन परसात हजर झाले. बरोबर गल्लीतले दोन गडी होते.

“काय कंट्रोलर, आलं का पाखरू?” नानांनी विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले. त्यांनी खुर्ची बाजूला घेतली. “घ्या खोड.”

इतकं सरळ ते हार मानतील असं नानांनाही वाटलं नव्हतं. ते जरासे ओशाळले. “मग घाव घालू?”

“थांबा,” आत्या आतून म्हणाल्या. “झाडाला हळदकुंकू लावल्याबिगर तोडू नका. वाळकं असलं तरी आपल्या दारचं हाय. शैला, ताट घेऊन जा.”

ही आत्यांची रीत. परसातलं तुळशीएवढं रोपही त्या विचारल्याशिवाय काढत नसत. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन खोडापाशी गेले. बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. खाली मातीत बारीक पांढरा भुसा पडलेला दिसला. वाळवी लागली असेल म्हणून मी वर बघितलं.

वरच्या फांदीच्या खालच्या अंगाला एक गोल भोक होतं. कोणी मोठ्या गिरमिटाने पाडावं तसं नेमकं गोल. मी बघत होते तेवढ्यात त्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. जाडसर काळी चोच, डोळ्याभोवती पिवळं, आणि कपाळावर लालभडक टिळा, जसं माझ्याआधीच कोणीतरी कुंकू लावून ठेवलेलं. पाखराने माझ्याकडे बघितलं, मी पाखराकडे. मग शेजारच्या पांगाऱ्यावरून टुक, टुक, टुक सुरू झालं आणि मला कळलं की विहिरीवर पंप वगैरे काही चालत नव्हता.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पहिली आली ती माझी खाट. आरसा आला. सोप्यातला दूधवाला आला. नाना माझ्यामागे कुऱ्हाड घेऊन उभे होते आणि भोक त्यांना तिथून दिसत नव्हतं.

“नाना,” मी म्हटलं, “खोड तोडता येणार नाही. मुक्कामी आलंय.”

“काय आलंय?”

“पाखरू. तांबट आहे. घरटं केलंय.”

सगळे वर बघायला लागले. पाखरू आत गेलं आणि पुन्हा डोकावलं. मला वाटलं, मामा आनंदाने उडी मारतील, निदान पुकारतील तरी. त्यांच्या दोन महिन्यांच्या तपाला फळ आलं होतं. पण ते पुढे आले आणि त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

“काही नाही ते,” ते म्हणाले. “सहज बसलंय. उद्या उडून जाईल. नाना, तुम्ही घाला घाव.”

“मामा, आत भोक पाडलंय त्यानं.”

“जुनं असेल भोक.”

“ताजा भुसा पडलाय खाली.”

“अगं, पण लाकूड होळीला दिलंय मी. दिलेलं माघारी घ्यायचं नसतं.” एवढं बोलून मामा नानांकडे वळले. “हाणा कुऱ्हाड. उगाच खोळंबा नको.”

एवढ्यात आत्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी खोडाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, मामांकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

“तू पंच हायस,” त्या म्हणाल्या. “हे मुक्कामी हाय का न्हाई?”

“हाय.”

“नीट इचार करून सांग. खोली जाईल तुझी.”

“माहीत आहे मला, आत्या. पण मुक्कामीच हाय.”

मला रडू आलं. खोलीसाठी आलं, हे मी लपवत नाही. नाना कुऱ्हाडीवर हनुवटी टेकून उभे राहिले. “मग माझ्या लाकडाचं काय? गल्लीभर सांगून बसलोय. ह्या घरचं लाकूड न्हाई म्हणून होळी लहान राहिली, असं म्हणतील लोक.”

“न्हाई म्हणायचे,” आत्या म्हणाल्या. “या पडवीत.”

त्यांनी पडवीकडे बोट केलं. “ती खोकी घ्या, फळकुटं घ्या. बांबू घ्या. आन् परसातलं ते सगळं फलाट उपटा. एक बी ठेवू नका.”

“अगं, फलाट कशाला,” मामा म्हणाले.

“दोन महिने दाणापाणी खाऊन तुमच्या फलाटावर एक पाखरू टिकलं न्हाई. टिकलं ते ज्याच्याकडं तुम्ही ढुंकून बघत न्हवता त्या खोडावर. मग फलाट ठेवून करता काय?”

गड्यांनी फलाट उपटले. आकडे घातलेल्या फळ्या डोक्यावर घेऊन ते एकामागे एक बाहेर पडले. शेवटी नाना, त्यांच्या काखेत ‘वडूज’ लिहिलेलं तांबडं घरटं. दारात थांबून ते म्हणाले, “कंट्रोलर, ही गाडी जळकी निघाली.” मामा हसले, पण त्यांचं लक्ष गाडीकडे नव्हतं. ते पडवीच्या पायरीवर बसले होते आणि हातात धरलेलं गवत उगाच मोडत होते.

दुपारी मी पुरण वाटायला बसले. आत्या पोळ्यांची कणीक तिंबत होत्या. मामा पाणी प्यायला आत आले. मीच विषय काढला.

“बरं झालं, आज हळदकुंकू लावलं. कालपरवाच आलं असणार ते पाखरू. नाहीतर तुम्हाला दिसलं असतं.”

“कालपरवा कुठलं,” मामा तांब्या खाली ठेवत म्हणाले. “शिवरात्रीपासून खणतंय. दोघं आळीपाळीने. आधी नर, मग मादी. एवढं भोक पाडायला बराच वेळ लागतो त्यांना.”

बोलून झालं आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. आत्यांचा हात कणकेत थांबला.

“शिवरात्रीपासून,” आत्या म्हणाल्या.

मामांनी खाली ठेवलेला तांब्या पुन्हा उचलला.

“म्हंजे तुम्हाला ठाव हुतं. आन् खुर्ची उलटी करून बसला. आन् रेडू लावला.”

“ते ओरडतं फार,” मामा म्हणाले. “टुक, टुक. तुम्हा दोघींना ऐकू आलं असतं.”

“मग येऊ द्यायचं की. त्याच्यासाठीच तर दोन महिने फळ्या ठोकत बसला होता.”

मामांनी आत्यांकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघून बोलले आणि त्यांचा आवाज असा होता की जणू मी खिडकीपलीकडची प्रवासी आणि ते चुकून माईकशिवाय बोलतायत.

“गाड्या सोडण्यातच जन्म गेला माझा. कितीतरी पोरं स्टँडवर आईबापाच्या पाया पडून मुंबईच्या गाडीत बसलेली बघितलीत. मीच पुकारलेली गाडी. मागे राहिलेल्यांचं काय होतं ते मला खिडकीतून दिसायचं. खोली झाली असती तर तुम्ही राहिला असता. पाखरू काय, पुढल्या वर्षी दुसरं आलं असतं.”

“पण तुम्हीच म्हणालात की मी खोटं बोलायची नाही,” मी म्हटलं.

“म्हणून तर तुला दिसू नये म्हणून धडपडत होतो,” ते म्हणाले.

आत्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि हात कणकेचे असल्यामुळे ते त्यांना पुसता येईना. मीच पदराने पुसलं. मला त्या म्हाताऱ्याचा इतका लळा त्या दिवशी लागला, की पुढे माहेरी गेले तरी चार दिवसांत परत यावंसं वाटायचं. पण त्या दुपारी मनात धाकधूकच होती. पाखरू वाचलं, तर कराड ठरलं, असाच त्याचा अर्थ होता.

संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर होळी पेटली. आम्ही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मामांचे फलाट चांगले वाळलेले, त्यामुळे भराभर पेटले. एक आकडा जळत गेला की मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे आणि आत्या त्यांना कोपराने ढोसायच्या. यजमान कराडहून आले ते थेट होळीवरच आले. सगळी हकिगत त्यांना नानांनीच सांगितली, आणि चांगली तिखटमीठ लावून सांगितली.

घरी येऊन ते हातपाय धुऊन ताटावर बसले. पोळीवर तूप पडेपर्यंत त्यांनी धीर धरला. “म्हणजे परसात खोली नाही,” ते म्हणाले. “मग उद्या कराडच्या मालकाला निरोप देतो.”

मी आत्यांकडे बघितलं. आत्या मामांकडे बघत होत्या. मामांनी शेवटचा घास खाल्ला, हात धुतला आणि ते आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले ते काखेत वळकटी आणि हातात चटई घेऊन. आमच्यासमोरून स्वयंपाकघरातून ते सरळ मागे पडवीत गेले. पडवी सकाळपासून रिकामी आणि स्वच्छ होती. फळकुटं नव्हती, खोकी नव्हती. त्यांनी चटई अंथरली.

“आप्पा, तिथे कुठे झोपताय?” यजमान ताटावरून उठत म्हणाले.

“इथे वारा आहे,” मामा म्हणाले. “आणि परसात पिल्लं व्हायची आहेत. मांजराकडे कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे. तू कराडच्या मालकाला सांग, खोली नको म्हणून.”

“अहो, पण आई?”

आत्या तोवर उठल्या होत्या. त्यांनी आतल्या खोलीतून आपली उशी आणली, माझ्या लग्नात आलेली नवी चादर सोप्यातून उचलून आतल्या खाटेवर टाकली आणि त्या पडवीकडे निघाल्या. मामा चटईवर एका कडेला सरकले. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ते दोघं उघड्यावर शेजारी झोपायला निघालेत, हे बघून मला लाज वाटली आणि हसूही आलं. आत्यांनाही तसंच काहीतरी झालं असावं, कारण त्यांनी दिवा फार घाईने मालवला.

आम्ही दोघं आतल्या खोलीच्या दारात उभे होतो. आत जावं की नाही ते कळत नव्हतं. तेवढ्यात अंधारातून मामांचा आवाज आला, हळू, अजिबात न पुकारता.

“शैला, उभी का राहिलीस? आतून कडी लावून घे.”